अंदाज किती टक्के चुकला?

खळ्यावर ज्वारीची रास पडली की अंदाज सांगणाऱ्यांना तोटा नसतो. आमच्या शेजारच्या आबांनी एकदा राशीभोवती फेरी मारली आणि सांगितले, "वीस क्विंटलला मरण नाही." काटा लावला, तो भरली सोळा. आबा हसून म्हणाले, "मास्तर, विसात चार चुकले. म्हणजे वीसच टक्के की हो!"

आबांची वजाबाकी बरोबर होती, भागाकार चुकला. चूक मोजायची ती खऱ्या वजनाच्या मानाने. फरक ४, खरे वजन १६. ४ भागिले १६, गुणिले १००, म्हणजे २५ टक्के. अंदाजानेच भागू लागलो तर जो जितका फुगवून सांगेल तितका त्याचा भाजक मोठा होईल. या राशीला कोणी १०० क्विंटल म्हटले, तर आबांच्या हिशेबाने चूक ८४ टक्के आणि खऱ्या हिशेबाने ५२५ टक्के! शिक्षकबंधूंनी हे उदाहरण फळ्यावर जरूर मांडावे. अंदाज जास्तीचा असेल तर अधिक, कमीचा असेल तर उणे चिन्ह ठेवावे. चिन्ह पुसले की चूक कोणाच्या पारड्यात पडली ते कळत नाही.

आता याचे काम कोठे पडते म्हणाल, तर पैसेवारीत. रुपयाचे १६ आणे होते तेव्हाची ती आणेवारी. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढे तिची पैसेवारी झाली. प्रमाण उत्पन्न १०० पैसे धरले तर यंदाचे पीक किती, हा तो आकडा. तो ५० च्या आत की बाहेर, यावर टंचाईच्या सवलती ठरत आल्या आहेत. समजा, गावाचे पीक खरोखर ४८ पैसे आहे. अंदाज नुसता ५ टक्क्यांनी वर गेला की झाले ५०.४! आबांची चूक तर २५ टक्क्यांची होती.

म्हणूनच नजरेऐवजी काटा आला. डॉ. पां. वा. सुखात्मे, मूळचे सातारा जिल्ह्यातले, यांनी १९४० नंतरच्या दशकात पीक कापणी प्रयोगांची पद्धत आपल्या देशात रुजवली. चिठ्ठी टाकावी तसा शेताचा तुकडा निवडायचा, कापायचा, मळायचा, तोलायचा. कोणाला चांगला कोपरा निवडता येत नाही, की वाईटही.

यातही चूक राहतेच. शिवाय साऱ्या शिवाराचे खरे वजन कोणी केलेले नसते, मग भागायचे कशाने? तेव्हा तुकड्यातुकड्यांच्या वजनांत किती तफावत पडते ते पाहून चुकीचा अदमास बांधतात. तुकडे चौपट घेतले तर ही चूक साधारण निम्मी होते.