लाल झेंड्याखालचे देव्हारे
व्हिएतनामच्या 2019 सालच्या जनगणनेत सुमारे 86 टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याची नोंद केली. कॅथलिक सहा टक्क्यांच्या आसपास, तर बौद्ध पाच टक्क्यांहूनही कमी भरले. कम्युनिस्ट राजवटीने देश नास्तिक करून टाकला असा अर्थ या आकड्यांतून निघतो खरा, पण तो फसवा आहे. कारण निधर्मी म्हणून मोजल्या गेलेल्या बहुतेक घरांत पूर्वजांचा देव्हारा असतो, त्यावर दिवंगतांची छायाचित्रे आणि उदबत्त्या खोचायचे भांडे मांडलेले असते, आणि पूर्वजांची पुण्यतिथी चांद्र पंचांगाप्रमाणे सारे कुटुंब जमवून पाळली जाते. पक्षाच्या सभासदांची घरेही याला अपवाद नाहीत.

या विसंगतीचे मूळ शासनाच्या वर्गवारीत सापडते. ज्याला संघटना, धर्मगुरू आणि मांडलेले तत्त्वज्ञान आहे तो धर्म. पूर्वजपूजा किंवा ग्रामदैवताची पूजा ही केवळ श्रद्धा. आणि या दोहोंत न बसणारी, कायद्याने शिक्षापात्र ठरणारी ती अंधश्रद्धा, अशी ही विभागणी असून कोणती गोष्ट कोणत्या खान्यात टाकायची हे पक्ष ठरवतो. मातृदेवतांच्या उपासनेतील ‘लेन दोंग’ हा अंगात येण्याचा विधी याचे बोलके उदाहरण होय. ज्याच्या अंगात येते ती व्यक्ती डोक्यावर लाल वस्त्र ओढून देवीपुढे बसते आणि सेनापती, राजकन्या, बालदेवता असे एकेक दैवत अवतरले की त्याप्रमाणे पोशाख बदलते; बाजूला गायक-वादकांची साथ चालते आणि जमलेल्यांना फळे व नोटा प्रसाद म्हणून वाटल्या जातात. दीर्घकाळ बंदी असलेला हा विधी 1986 च्या ‘दोई मोई’ या आर्थिक सुधारणांनंतर पुन्हा उघडपणे होऊ लागला, आणि 2016 साली ही उपासना युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. बाजारपेठेबरोबर नफा-तोट्याची धास्तीही परतली होती. बाक निन्ह येथील कोठाराच्या देवीकडून व्यापारी वर्षारंभी प्रतीकात्मक कर्ज घेतात आणि वर्षअखेरीस ते फेडायला येतात, हे समाजवादी अर्थव्यवस्थेच्या पाठ्यपुस्तकात बसणारे नाही!

संघटित धर्माच्या बाबतीत मात्र पक्षाचा हात आखडताच राहिला, आणि त्यामागे इतिहासाचा अनुभव आहे. 1954 मध्ये देशाची कम्युनिस्ट उत्तर आणि कम्युनिस्टविरोधी दक्षिण अशी फाळणी झाल्यावर आठ लाखांहून अधिक लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले, त्यांत कॅथलिकांचे प्रमाण मोठे होते. दक्षिणेत न्गो दिन्ह डिएम यांच्या कॅथलिकधार्जिण्या सरकारविरुद्ध 11 जून 1963 रोजी थिक क्वांग डक या भिक्षूने सायगावच्या चौकात आत्मदहन केले, आणि बौद्ध आंदोलनाने ते सरकार खिळखिळे केले. विहारांतून उठलेले आंदोलन काय करू शकते, हे कम्युनिस्टांनीही पाहिले होते. 1975 मध्ये दक्षिणही कम्युनिस्टांच्या हाती आल्यानंतर, त्या आंदोलनातून उभ्या राहिलेल्या एकीकृत बौद्ध संघाला बाजूला सारून 1981 मध्ये सरकारमान्य संघ स्थापन झाला आणि तो पितृभूमी आघाडी या पक्षप्रणीत छत्रसंस्थेत सामावला गेला. त्यात जायला नकार देणारे थिक क्वांग डो यांची पुढील अनेक वर्षे कैदेत, हद्दपारीत आणि विहारातील नजरकैदेत गेली.

जगप्रसिद्ध भिक्षू थिक न्यात हन यांनाही हीच मर्यादा जाणवली: 2005 साली मायदेशी त्यांचे स्वागत झाले, पण 2009 मध्ये त्यांच्या परंपरेतील शेकडो तरुण भिक्षू-भिक्षुणींना बात न्या विहारातून बाहेर काढण्यात आले. 2018 पासून लागू झालेल्या कायद्याने धार्मिक संघटनेच्या मान्यतेसाठी लागणारा नोंदणीनंतरचा कालावधी पाच वर्षांवर आणला. तरीही नोंदणी करायला तयार नसलेल्या, किंवा ती नाकारली गेलेल्या मध्य पठारावरील आदिवासी प्रोटेस्टंट गटांच्या घरगुती प्रार्थनासभांवर पोलिसांची नजर असतेच.