कोळसाखाणीभोवतील भूजलाची परीक्षा

चंद्रपूर जिल्ह्याच्या वर्धा खोऱ्यात कोळशाचे थर बाराकार शैलसमूहात आढळतात. त्यांच्यावर अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म पसरलेला असून सच्छिद्रतेमुळे तो पाण्याचा मोठा साठा धारण करतो. भूमिगत खाणीतील कोळसा काढल्यावर छत खचले, म्हणजे वरील खडकांस भेगा पडतात आणि हे पाणी खाणीकडे उतरू लागते.

कोळशात व लगतच्या खडकांत लोहमाक्षिक असते. हवा व पाणी यांच्या संयोगाने त्यापासून गंधकाम्ल व लोहाचे क्षार निर्माण होतात. खडकांत कार्बोनेटे असल्यास हे अम्ल शमते व पाण्याचा पीएच ७ च्या आसपास राहतो. सल्फेट व जडपणा मात्र वाढतात. यास्तव केवळ अम्लता मोजणाऱ्यास दूषित पाणीही निर्दोष भासेल. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पेयजलातील सल्फेटची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे.

म्हणून प्रवाहाच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही अंगांच्या विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासावे लागते. खाण बंद झाली तरी हे कार्य संपत नाही. उपसा थांबताच चढणारे पाणी साचलेले क्षार विरघळवून घेते. सर्वांत मोलाची असते ती खाणीपूर्वीची नोंद. तिच्या अभावी, विहीर बिघडलेल्या गावकऱ्यास तो दोष निसर्गाचा की खाणीचा, हे सिद्ध करणे दुरापास्त होते.