टॉपस्पिन रॅकेटच्या वजनात नसतो

खेळात धाराशिव जिल्ह्याचं नाव निघतं ते खो-खोमुळे. इथल्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. टेनिसचा पसारा मात्र जिल्ह्यात लहानच. चांगली रॅकेट हवी तर ऑनलाइन मागवायची, नाहीतर सोलापूर किंवा पुणं गाठायचं. चार रॅकेटी दोन-दोन दिवस खेळून बघायच्या आणि मग एक घ्यायची, ही चैन इथे कुणाला? मग मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतील ते खरं धरलं जातं आणि काही समजुती घट्ट बसतात.

‘रॅकेट हलकी घ्या, टॉपस्पिन आपोआप येईल’

येत नाही. रॅकेटचं डोकं चेंडूला भिडताना खालून वर किती वेगाने जातं, त्यावर टॉपस्पिन, म्हणजे चेंडूची पुढच्या दिशेची फिरकी, ठरतो. समोरून आलेला चेंडू टप्पा पडल्यावर आधीच पुढच्या दिशेने फिरत असतो. तो टॉपस्पिनने परत करायचा म्हणजे त्याची फिरकी उलटी करायची. स्लाइसमध्ये चेंडूची फिरकी आहे त्याच दिशेने चालू राहते, म्हणून नवशिक्याला स्लाइस लवकर जमतो आणि टॉपस्पिन रडवतो. हलक्या रॅकेटने डोक्याचा वेग वाढायला मदत होते, हे खरं. पण फटका सपाटच मारला तर तो वेग नुसता पुढे जातो, वर जात नाही.

ब्योर्न बोर्गचं उदाहरण बघा. त्याची लाकडी रॅकेट तारांसह ४०० ग्रॅमच्या घरात होती, डोकं आजच्या मानाने चिमुकलं आणि तारांचं गटिंग तब्बल ८० पौंडांच्या आसपास ताणाचं. आजचा कुठलाही विक्रेता ही रॅकेट टॉपस्पिनसाठी सुचवणार नाही. बोर्गने त्याच टॉपस्पिनवर १९७४ ते १९८१ या काळात फ्रेंच ओपन सहा वेळा जिंकली.

‘वजन कळलं की रॅकेट कळली’

खरी गोम इथे आहे. फ्रेमवर छापलेलं ३०० ग्रॅम हे तराजूतलं वजन, तेही बहुधा तारांशिवायचं. तारा घातल्या की त्यात साधारण १५ ते १८ ग्रॅमची भर पडते. फिरवताना हाताला जाणवतं ते वेगळंच वजन, त्याला स्विंगवेट म्हणतात. कुऱ्हाड दांड्याच्या टोकाला धरून फिरवा, मग पात्याजवळ धरून फिरवा. कुऱ्हाड तीच, पण हाताला पडणारा भार वेगळा.

रॉड क्रॉस आणि रिचर्ड बोवर या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ साली हे मोजून दाखवलं. वेगवेगळ्या वजनाचे दांडे लोकांना फिरवायला दिले, तेव्हा वेग ठरला तो स्विंगवेटवर, नुसत्या वजनावर नाही.

हिशेब सोपा आहे. स्विंगवेट मुठीच्या टोकापासून १० सेंटीमीटरवरच्या बिंदूभोवती मोजतात आणि त्यात अंतराचा वर्ग येतो. त्या बिंदूपासून रॅकेटचं वरचं टोक सुमारे ५८ सेंटीमीटरवर असतं. तिथे २ ग्रॅम शिशाची पट्टी चिकटवली तर स्विंगवेट जवळजवळ ७ एककांनी वाढतं. हेच २ ग्रॅम मुठीवर, त्या बिंदूपाशी लावले तर वाढ शून्य. तराजूवर दोन्ही रॅकेटी सारख्याच.

बॅलन्स म्हणून जो आकडा दिलेला असतो, त्याचाही उपयोग इथेच. प्रौढांची रॅकेट साधारण ६८.५ सेंटीमीटर लांब असते, म्हणजे मध्य मुठीच्या टोकापासून ३४३ मिलिमीटरवर. पेन्सिलीवर आडवी तोलून बघा. त्याआधीच तोल साधला तर रॅकेट मुठीकडे जड, त्यापुढे साधला तर डोक्याकडे जड. बाबोलाटची प्युअर एरो ३०० ग्रॅमची, बॅलन्स ३२० मिलिमीटर. फेडररच्या नावाची विल्सन प्रो स्टाफ आरएफ ९७ ही ३४० ग्रॅमची, पण बॅलन्स ३०५. वजनात ४० ग्रॅमचा फरक, पण स्विंगवेटमधली तफावत त्या मानाने थोडी, कारण फेडररच्या रॅकेटचं जास्तीचं वजन बरंचसं मुठीकडे गेलेलं आहे.

‘नदालची रॅकेट डोक्याकडे जड, म्हणून त्याचा स्पिन’

नदालने २०१२ च्या सुरुवातीला रॅकेटच्या डोक्याकडे ३ ग्रॅम वाढवले, ही गोष्ट खरी. ते वाढवले फटक्यात जोर यावा म्हणून. स्पिन त्याआधीही तसाच होता. टेनिसचे अभ्यासक जॉन यँडेल यांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने मोजलं, तेव्हा नदालचा फोरहँड मिनिटाला सरासरी ३२०० फेरे घेत होता, फेडररचा २७०० आणि सॅम्प्रास-आगासींचा १८०० ते १९००. नदालचा हात चेंडूखालून उठून डोक्यावरून मागे जातो, ती सवय लहानपणापासूनची. सोळा वर्षांच्या मुलाने नुसतं शिसं चिकटवलं तर हाताचा वेग घटेल आणि असलेला स्पिनही जाईल.

‘गटिंग जितकं टाइट, तितका स्पिन’

तारांचा वाटा मोठा आहे, पण तो ताणाचा नाही, सरकण्याचा. चेंडू तारांवर जेमतेम ५ मिलिसेकंद टेकतो. तेवढ्यात उभ्या तारा बाजूला सरकतात आणि झटक्याने जागेवर येताना चेंडूला आणखी फिरवतात. १९७७ साली इली नास्तासेने दुहेरी, सैल सरकणाऱ्या ‘स्पॅगेटी’ तारांची रॅकेट घेऊन गिलेर्मो व्हिलासची विजयी मालिका थांबवली, तेव्हा चेंडू इतका विचित्र उसळत होता की तसल्या रॅकेटवर बंदी आली. पुढे गुळगुळीत पॉलिएस्टर तारा आल्या. १९९७ ला गुस्तावो कुएर्तेनने त्या घेऊन फ्रेंच ओपन जिंकली आणि सगळ्यांचे डोळे उघडले. अशा तारांना खाचा पडल्या की त्या सरकेनाशा होतात. मग तुटल्या नसल्या तरी त्या कामातून गेलेल्याच. एक सावधगिरी मात्र हवी. पॉलिएस्टर कडक असतं. अगदी हलक्या, ताठ फ्रेममध्ये ते घातलं तर हादरा थेट कोपरात जातो. वाढत्या वयाच्या मुलांना मऊ सिंथेटिक गट द्यावं.

तेव्हा नवी रॅकेट मागवण्याआधी जुनीचं गटिंग बदलून महिनाभर खेळा. घ्यायचीच असेल तर खेळणाऱ्या प्रौढासाठी २८० ते ३०० ग्रॅम, बॅलन्स ३२० च्या आसपास, १६ बाय १९ तारांची जाळी एवढं पुरे. शिशाची पट्टी नंतर, एका वेळी दोनच ग्रॅम.