एसटीपीतली सकाळपाळी

सकाळी ७. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. रात्रपाळीकडून लॉगबुक घेतलं. स्क्रीनवर अडकलेल्या पिशव्या, चिंध्या आणि निर्माल्य काढणं चालू होतं. ‘मॅडम, लोड कमी होता, रात्री एकच ब्लोअर ठेवला,’ ऑपरेटरदादा म्हणाले. रात्री ते चालतं.

७.३०. एअरेशन टाकीतलं लिटरभर पाणी मोजपात्रात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवलं. तपकिरी गाळ, ओल्या मातीचा वास. गाळ एकसंध खाली बसला, वर नितळ पाणी राहिलं. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी हा गाळ फेकून न देता पुन्हा टाकीत वापरून दाखवला. आमचं केंद्र आजही त्याच रीतीवर चालतं.

८.१५. सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब. घंटेच्या आकाराच्या व्हॉर्टिसेला देठांवर उभ्या; काचेला धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडतो. त्या दिसल्या की गाळाची तब्येत ठीक आहे असं समजायचं.

९ ते ११. जागं झालेल्या शहराचं पाणी आता पोचतं आणि अमोनिया चढतो. नायट्रोसोमोनास जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा नायट्रेट. पुढे बिनहवेच्या कप्प्यात दुसरे जिवाणू त्याचा नायट्रोजन करून सोडतात. या वाटेत नायट्रस ऑक्साइड तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. शेवटची पायरी पुरी झाली तर त्याचा साधा नायट्रोजन होतो, पण ते काम करणाऱ्या एन्झाइमला तांबं लागतं आणि प्राणवायू सोसत नाही. उलट एअरेशन टाकीत हवा कमी पडली, तर अमोनिया खाणारे जिवाणूच हा वायू बनवू लागतात आणि बुडबुडे तो वर उडवून नेतात.

९.४० ला एअरेशन टाकीतला डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू, ०.६ वर आला. दुसरा ब्लोअर लावला. ‘बिल वाढेल, मॅडम.’ वाढेल. एसटीपीत सर्वांत जास्त वीज ब्लोअरच खातात, ती वाचवायलाच हवी. पण अमोनिया चढत असताना हवा तोडून नव्हे. आउटलेटचे बीओडी, सीओडी, टीएसएस आम्ही रोज लिहितो. नदीत काय जातं ते त्यावरून कळतं. आकाशात काय जातं, त्याचा रकाना आमच्या लॉगबुकात नाही. तो असलाच पाहिजे, आणि मोजायचं यंत्र आधी एअरेशन टाकीवर बसलं पाहिजे.

१२. नमुने, जेवण.

१.३०. गाळ कुजवणारा डायजेस्टर ३६ अंशांवर. इथे मिथेन बनवणारे आर्किया राहतात. प्राणवायू त्यांना चालत नाही आणि त्यांची वाढ फार सावकाश. वायूत साधारण ६० ते ६५ टक्के मिथेन. जाळला तर वीज, गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट ताप. छतावरच्या झडपेच्या जोडाला साबणाचं पाणी लावलं, तर एका बोल्टाजवळ बारीक बुडबुडे फुगू लागले. फिटरला बोलावून बोल्ट आवळून घेतले. गळती कमी झाली, थांबली नाही. गॅस्केट बदलावं लागेल.

३. दुपारपाळीला सांगितलं: गॅस्केट बदलेपर्यंत डायजेस्टरवर मोबाईल न्यायचा नाही. आणि संध्याकाळी लोड परत चढेल; घड्याळ पाहून नाही, डीओ पाहूनच ब्लोअर कमी करायचा.