ऐच्छिक झालेला इतिहास

अ‍ॅडम स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ ९ मार्च १७७६ रोजी प्रसिद्ध झाला. २०२६ हे त्याचं अडीचशेवं वर्ष. स्मिथचं नाव निघालं की ‘अदृश्य हात’ हमखास निघतो. त्या जाडजूड ग्रंथात तो एकदाच येतो. बँकांवर मात्र स्मिथनं पानंच्या पानं लिहिली, आणि त्याला कारणही तसंच होतं. १७६९ मध्ये निघालेली स्कॉटलंडची एअर बँक १७७२ मध्ये बुडाली. स्मिथचा एकेकाळचा विद्यार्थी ड्यूक ऑफ बक्लू तिचा मोठा भागधारक, आणि भागधारकांवरची जबाबदारी अमर्याद. जुनी हुंडी भागवायला नवी हुंडी काढायची, हा खेळ कसा चालतो ते स्मिथनं पायरीपायरीनं उलगडून दाखवलं. आग पसरू नये म्हणून दोन घरांमध्ये भिंत बांधायची सक्ती जशी योग्य, तशीच बँकांवर बंधनं घालणंही योग्य, असं त्याचं स्वच्छ मत होतं. मुक्त बाजाराचे कैवारी त्याची ही पानं क्वचितच उघडतात.

मुंबईला तोच धडा नव्वदएक वर्षांनी मिळाला. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, बॅक बे रेक्लमेशनचे शेअर मातीमोल झाले आणि बँक ऑफ बॉम्बे अखेर १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. दिनशा वाच्छा यांनी पुढे या सट्ट्याच्या वेडावर पुस्तक लिहिलं. १८६६ मध्ये लंडनची ओव्हरेंड गर्नी ही पेढी गडगडली. ती पडझड पाहिलेल्या वॉल्टर बॅजट यांनी १८७३ च्या ‘लोंबार्ड स्ट्रीट’मध्ये नियम घालून दिला: घबराट पसरली की मध्यवर्ती बँकेनं हात आखडता घेऊ नये, पण तारण चोख घ्यावं आणि व्याज चढं लावावं. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानड्यांनी युरोपातल्या अर्थविचारांची छाननी करत सांगितलं, की हे सिद्धांत सर्व देशांना, सर्व काळी सारखे लागू होत नाहीत. जुन्या अर्थतज्ज्ञांना वाचायचं कशासाठी, याचं इतकं नेमकं उत्तर नंतरही फार थोड्यांनी दिलं.

१९२९ च्या महामंदीनं अमेरिकन अर्थतज्ज्ञ आयर्व्हिंग फिशर यांना धुळीला मिळवलं. १९३३ मध्ये त्यांनीच दाखवून दिलं, की सगळेजण एकदम कर्ज फेडायला धावले की भाव पडतात आणि उरलेल्या कर्जाचं ओझं उलट वाढतं. तीन वर्षांनी केन्सचा ‘जनरल थिअरी’ आला.

नंतरची दशकं भराभर उलटली तरी चालेल. समीकरणं वाढली, आठवण आटली. अमेरिकेतल्या बहुतेक पीएचडी अभ्यासक्रमांतून आर्थिक विचारांचा इतिहास हद्दपार झाला. २००३ मध्ये रॉबर्ट लुकास यांनी अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून सांगितलं, की मंदी रोखण्याचा मूळ प्रश्न सुटला आहे. २००५ मध्ये जॅक्सन होल इथल्या मध्यवर्ती बँकांच्या परिषदेत रघुराम राजन यांनी वित्तव्यवस्थेतल्या वाढत्या जोखमीचा इशारा दिला, तेव्हा त्यांनाच प्रगतीविरोधी ठरवण्यात आलं. २००७ मध्ये तर ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी खात्यानं आर्थिक विचारांचा इतिहास हा विषयच अर्थशास्त्रातून काढून इतिहास आणि तत्त्वज्ञानाच्या कप्प्यात टाकायचा घाट घातला. प्राध्यापकांनी आवाज उठवला म्हणून तो टळला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या आणि ब्रिटनच्या वर्तमानपत्रांना ओव्हरेंड गर्नीची आठवण झाली. इथून पुढचं दशक ज्यांनी जाणतेपणी पाहिलं, त्यांच्या मनातून ते जायचं नाही. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स कोसळली. नोव्हेंबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये राणी एलिझाबेथ यांनी साधा प्रश्न विचारला: हे कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही? खरं उत्तर असं होतं, की लक्षात आलेली माणसं वाचली जात नव्हती. त्यांतले एक अर्थतज्ज्ञ हायमन मिन्स्की १९९६ मध्येच वारले होते. त्यांनी कर्जदारांचे तीन प्रकार सांगितले होते: मिळकतीतून मुद्दल आणि व्याज दोन्ही फेडणारा, फक्त व्याज भरून मुद्दल पुढे ढकलणारा, आणि व्याजालाही नवं कर्ज काढणारा. चांगले दिवस लांबले की पहिल्या प्रकारचे लोक हळूहळू तिसऱ्याकडे सरकतात. म्हणजे स्थैर्याच्या पोटातच अस्थैर्य वाढत असतं.

२००९ मध्ये सगळी सरकारं केन्सवादी झाली. हे शहाणपण वर्षभर टिकलं. जून २०१० मध्ये टोरांटोच्या जी-२० परिषदेत तूट कमी करण्याचा धोशा सुरू झाला आणि ग्रीससारख्या देशांवर काटकसर लादली गेली. तिच्या समर्थनासाठी राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा निबंध नाचवला जाई: सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की वाढ खुंटते. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं त्यांची एक्सेल फाइल उघडली. सरासरीचं सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं, ते ४४ व्या ओळीशी थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हिशेबातच नव्हते. ही आणि इतर गफलती सुधारल्यावर उणे ०.१ टक्का वाढीच्या जागी २.२ टक्के आली. त्या वर्षी ग्रीसमधली बेकारी २७ टक्क्यांवर होती. या धोरणाची वकिली करणाऱ्यांनी ग्रीक तरुणांची माफी मागायला हवी होती. सगळेच काटकसर करू लागले तर सगळ्यांचंच उत्पन्न घटतं, हे केन्स १९३६ मध्येच सांगून गेले होते.

मँचेस्टरमधल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मात्र २०१२ मध्ये संघटना काढली आणि अभ्यासक्रम बदलण्याची मागणी केली.

लेहमनच्या दशकपूर्तीच्या महिन्यातच, सप्टेंबर २०१८ मध्ये, मुंबईत आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेचे हप्ते थकले. रस्ते आणि बोगदे यांसारखी दीर्घ मुदतीची कामं, त्यांच्यामागे अल्प मुदतीची उसनवारी, डोक्यावर सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज, आणि काही आठवड्यांपूर्वीपर्यंत पतमानांकन ‘एएए’. मिन्स्कीचा दुसरा कर्जदार तिसरा कसा होतो, ते इथं डोळ्यांदेखत घडलं. वर्षभरानं पीएमसी बँक. ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बिल्डर समूहाला, ते लपवायला २१ हजारांवर बनावट खाती, आणि ठेवीदाराच्या हातात सुरुवातीला फक्त एक हजार रुपये. निवृत्त माणसं रिझर्व्ह बँकेच्या दारात उभी राहिली.

१९६० मध्ये केरळची पलई सेंट्रल आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, म्हणून १९६२ मध्ये देशात ठेवविमा आला. त्याची मर्यादा १९९३ पासून एक लाखावर अडकून पडली होती. ती पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे पीएमसीच्या ठेवीदारांनी चार महिने टाहो फोडल्यावर. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीतून १२२ कोटी गायब असल्याचं उघड झालं आणि मुंबईत पुन्हा रांगा लागल्या. लक्ष्मी, पीएमसी आणि न्यू इंडिया ही नावं स्मिथ आणि बॅजट यांच्यासोबत एकाच तासाला फळ्यावर यायला हवीत, आणि तो तास अर्थशास्त्राच्या प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात सक्तीचा हवा.