गरोदरपणातील बद्धकोष्ठता आणि लोहाची गोळी

घरात कुणी गरोदर असले, की 'पोट साफ होत नाही', 'घशाशी आंबट येते' अशा तक्रारी आपण ऐकतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थी संप्रेरकांविषयी शिकतात. त्यांपैकीच प्रोजेस्टेरॉन हे यामागचे एक मुख्य कारण आहे.

गर्भ सुरक्षित राहावा म्हणून हे संप्रेरक गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवते. आतड्यांचे स्नायूही त्याच प्रकारचे असल्याने तेही मंदावतात. अन्न हळूहळू पुढे सरकते, मोठे आतडे त्यातील पाणी अधिक शोषून घेते व मल कठीण होतो. अन्ननलिका व जठर यांमधील झडप सैल पडल्याने आम्ल वर येते.

त्यात लोहाच्या गोळीची भर पडते. सरकारी दवाखान्यातून मिळणारी ही ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, निदान १८० दिवस घ्यायची असते. मल घट्ट व काळा झाला, की काही भगिनी ती गुपचूप बंद करतात. धोका इथेच आहे. अंगात रक्त कमी असेल, तर बाळंतपणातील रक्तस्राव आईच्या जिवावर बेतू शकतो.

म्हणून गोळी चालू ठेवून आहार सांभाळूया. जोंधळ्याची भाकरी, मेथी, मटकीची उसळ, पेरू, भरपूर पाणी आणि थोडे चालणे यांनी आराम पडतो. गोळी चहाबरोबर घेऊ नये. एरंडेल तर आपल्या मनाने मुळीच देऊ नये. त्याने कळा सुरू होऊ शकतात.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. हा त्रास तेथे निःसंकोच सांगावा. रक्त गेले किंवा पोटात तीव्र वेदना झाल्या, तर मात्र तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.