टर्म भरली का?

महाराष्ट्राच्या टोकाला असलेल्या झाईच्या किनाऱ्यावरून उत्तरेला चालत निघालं की चपला भिजायच्या आत गुजरात लागतं. पलीकडचं उंबरगाव 1960 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. आता इकडचा वकील सनद घेतो महाराष्ट्र-गोव्याच्या बार कौन्सिलची, तिकडचा गुजरातची. कायद्याच्या कॉलेजच्या वर्गात मात्र ही हद्द पुसली जाते. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे 2008 चे शिक्षण नियम दोन्हीकडे तेच. त्यात हजेरी आहे, तास आहेत, विषयांची यादी आहे. ‘हा विषय नको, सोडतो’ म्हणायची सोय तेवढी नाही.

अमेरिकेत आहे. तिथली लॉ स्कूलं सत्राच्या सुरुवातीला थोडे दिवस देतात. तेवढ्यात विषय सोडला तर कागदावर खूणही उरत नाही. नंतर सोडला तर गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ उमटतो, म्हणजे माघार. अर्थात पहिल्या वर्षाचे ठरलेले विषय तिथेही सहसा सोडता येत नाहीत.

आपल्याकडे सोडायचं तर सगळंच. पाच वर्षांच्या बीए-एलएलबीतून तिसऱ्या वर्षी ‘बीए तेवढी द्या, निघतो’ म्हणता येत नाही, नियमच तसा आहे. प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते, पण घड्याळ लावून. यूजीसीच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधीपर्यंत पूर्ण फी, थोड्या प्रक्रिया शुल्काची कात्री लावून. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत 90 टक्के, पुढच्या 15 दिवसांत 80, त्यापुढच्या पंधरवड्यात 50. महिना उलटला की शून्य. कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला असेल तर राज्याच्या सीईटी सेलच्या तारखा वेगळ्या, त्या आधी बघाव्यात.

विषय सुटत नाही, पण निसटतो. हजेरीतून. प्रत्येक विषयाला 70 टक्के हवी. साठ तास झाले तर बेचाळीस भरावे लागतात. अठरा बुडवले तर चालतं, एकोणिसावा नडतो. तसंच कारण असेल तर प्राचार्य 65 टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकतात, पण सगळ्या विषयांची मिळून 70 भरलेली हवी. झाईहून रिक्षा, मग डहाणूची लोकल, मग चर्चगेट असं ज्याला रोज गाठायचंय, त्याच्यासाठी तो एकोणिसावा तास एका पावसाळी गाडीवर ठरतो.

हजेरी कमी पडली की कॉलेजात त्याला म्हणतात ‘टर्म ग्रँट झाली नाही’. राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात गेलं तर एटीकेटी, म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’. ही ‘टर्म भरणं’ भानगड आली कुठून? लंडनच्या ‘इन्स’मधून, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थांमधून. तिथे बॅरिस्टर व्हायला टर्म भरायच्या त्या जेवून! गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय: एकूण बारा टर्म, प्रत्येकीत निदान सहा जेवणं. चौघांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत. गांधी पीत नसत, म्हणून त्यांना आपल्या चौकडीत घ्यायला सगळे धडपडत. तिघांत दोन बाटल्या! कायद्याच्या शिक्षणाची हजेरी पंगतीत मोजली जायची, हे वाचून मी तर हरखलोच.

आणि मधेच सोडणं? बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 मध्ये त्यातल्याच ग्रेज इनमध्ये नाव घातलं, लंडन विद्यापीठाचा अभ्यासही चालू होता. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि 1917 मध्ये सगळं अर्धवट टाकून मुंबईला यावं लागलं. पण विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालवायची मुभा दिली. ही मुदत पाहून मला नेहमी धस्स होतं. एवढ्या अवधीत पैसा उभा करायचा होता. सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांचं कर्ज, असं करत 1920 मध्ये ते परत लंडनला पोचले. मुदतीच्या आत. 1922 मध्ये बॅरिस्टर झाले.

पुढे 1935 मध्ये ते आज चर्चगेटजवळ असलेल्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. तेव्हा डहाणूहून लोकल नव्हती.